फांदी उचलेपर्यंत

सनीव्हेलमधल्या कुठल्याही पॉटलकला गेलं की जेवणाच्या रांगेत तिसऱ्या वाक्याला "तुम्ही कुठे असता?" येतंच. कुठे म्हणजे कुठल्या कंपनीत. माझा नवरा संजय त्याच्या कंपनीचं नाव सांगतो आणि माणसं समाधानानं श्रीखंडाकडे वळतात. मी म्हणते, "मी म्हाताऱ्या झाडांच्या बदल्या करते." मग रांग थांबते.

आमची मुलगी ईशा हे जास्त सोपं करून सांगते. "मॉम डझ पीआर. फॉर डेड गॉड्स."

दोघींचंही खरं आहे. दक्षिणेकडे टेकड्यांच्या पायथ्याशी एक नर्सरी आहे, तिथे मी नोकरी करते. जुन्या बागा मोडतात, बदामासाठी नाहीतर घरांसाठी जमीन मोकळी करतात, तेव्हा तिथली ऑलिव्हची जुनी झाडं आम्ही मुळासकट उचलून आणतो आणि ज्यांना हवी असतील त्यांच्या दारात नेऊन लावतो. झाड मालक उचलतो. म्हणजे मालक, क्रेन आणि चार तगडी माणसं. मी फोन घेते, गिऱ्हाइकांना झाड दाखवते आणि झाडाबद्दल बोलते. या शेवटच्या कामाचा पगार मिळतो, यावर माझ्या माहेरच्यांचा अजून विश्वास बसलेला नाही.

पुण्याला मी प्राचीन संस्कृती हा विषय घेऊन एम.ए. केलं होतं. "पुढे काय करणार?" या प्रश्नावर मी "लग्न" असं प्रामाणिक उत्तर दिलं आणि सनीव्हेलला आले. इथे चिप बनवणाऱ्यांच्या गावात, मेलेल्या देवांची माहिती असलेली बाई कुणाला हवी होती? बरीच वर्षं मी फक्त ईशाच्या शाळेत 'हिस्टरी डे'ला सिंहासन रंगवत होते. मग या नर्सरीत फोन घ्यायला माणूस हवा होता. मालकाचं नाव गस. आजोबा ग्रीक बेटावरून आलेले, नातवाचा धर्म डिझेल. मुलाखतीत मी त्याच्या मागे उभ्या असलेल्या बुंध्याकडे बघत बसले. तो म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "तुमच्या आजोबांच्या देशात हे झाड तोडणाऱ्याला देहान्त शिक्षा होती. एका देवीचं झाड होतं ना ते."

गसनं झाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे गिऱ्हाइकांना सांगता येईल का तुला?"

तेव्हापासून मी सांगते आहे.

आता हे काम कसं असतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. झाड हलवायचं ठरलं की आधी त्याच्या फांद्या छाटायच्या. मग बुंध्याभोवती चौकोनी चर खणायचा, लांब गेलेली मुळं कापायची, आणि मधे राहिलेल्या मातीच्या गड्ड्याभोवती फळ्या ठोकून खोका करायचा. बहुतेक झाडं अशी खोक्यात काही महिने गप्प उभी राहतात. मग क्रेन येते. पण या सगळ्याच्या आधी, अगदी पहिलं काम म्हणजे बुंध्याच्या उत्तरेकडच्या बाजूला खडूनं मोठी रेघ मारायची. नव्या जागी झाड लावताना ती रेघ पुन्हा उत्तरेलाच यायला हवी. कारण उत्तरेची साल जन्मभर सावलीत असते, नाजूक असते. ती चुकून दक्षिणेला आली तर एका उन्हाळ्यात भाजून निघते.

ऑलिव्ह तसं मरत नाही. जाळा, तोडा, मुळातून पुन्हा फुटतं. अथेन्सच्या टेकडीवर देवीनं स्वतः लावलेलं झाड होतं म्हणे. शत्रूनं देऊळ जाळलं, त्यात झाडही जळालं. दुसऱ्या दिवशी लोक राख सावडायला वर गेले तर जळक्या बुंध्याला हातभर कोंब आला होता. ही गोष्ट मी गसला पहिल्यांदा सांगितली तेव्हा तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "देवळाचा इन्शुरन्स होता का?"

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एका तरुण मुलाला येशूच्या काळातलं झाड हवं होतं, आणि तसं सर्टिफिकेट. मी त्याला सांगितलं, बाबा, म्हाताऱ्या ऑलिव्हचं पोट आतून पोकळ होतं. ज्या वलयांवरून वय मोजायचं तीच नाहीशी होतात. शिवाय इथली झाडं स्पॅनिश पाद्र्यांनी आणलेल्या फांद्यांची नातवंडं. त्यांना तेल हवं होतं, दिव्याला, बाप्तिस्म्याला, आजाऱ्याच्या कपाळाला लावायला. तो म्हणाला, "सो, नो सर्टिफिकेट?" एका बाईंना शांततेचं प्रतीक म्हणून झाड हवं होतं, पण फळं नकोत. फळं पडली की फरशीवर काळे डाग पडतात. आम्ही दर वसंतात त्यांच्याकडे जाऊन मोहोरावर औषध मारतो. शांतता स्वच्छ राहते.

आणि एक रबाय आहेत, ज्यूंचे धर्मगुरू, ज्यांची मी वर्षभर वाट पाहते. ते हिवाळ्याच्या तोंडाशी शाळेतली मुलं घेऊन येतात. मुलं ऑलिव्ह तोडतात आणि दगडी खलात हळूहळू कुटतात. फार दाबायचं नाही. जुन्या काळी त्यांच्या देवळातल्या दिव्यासाठी फक्त पहिलं, आपणहून ओघळलेलं तेल चालायचं. दाबून काढलेलं बाकी सगळ्याला. तासभर कुटून वाटीच्या तळाशी जेमतेम एक वात भिजेल एवढं तेल जमतं. मग ते वात लावतात आणि सगळी मुलं एकदम गप्प होतात. मला त्या उजेडात आमच्या देवघरातलं निरांजन दिसतं. दिसतं म्हणजे, दिसतच राहतं. मुलं बसमध्ये बसून गेली तरी मी खलासमोर उभी असते आणि मागून गस ओरडतो, "प्रोफेसर! फोन!"

तर अशा एका तंद्रीतच मालती काकूंचा फोन मी घेतला.

मालती काकू आमच्या गावातल्या सगळ्यात जुन्या मराठी बायकांपैकी. त्यांचे यजमान डॉक्टर, दातांचे. ते जाऊन काही वर्षं झाली. आता घर विकलं होतं आणि काकू मुलाकडे, निखिलकडे, मिनेसोटात ईडन प्रेरीला जाणार होत्या. नव्या मालकांना घर पाडून नवं बांधायचं होतं. मागच्या अंगणात ऑलिव्ह होतं.

"अनघा, तू झाडं हलवतेस ना?" काकू म्हणाल्या. "माझं हलव."

"कुठे न्यायचं?"

"ते मला कुठे माहीत? आधी बघून तर जा."

ते झाड मला माहीत होतं. आमच्या गावातल्या सगळ्या मराठी बायकांना ते माहीत आहे. काकू इथे आल्या तेव्हा मैलोगणती वड नव्हता. आताही नाही. पहिल्या वटपौर्णिमेला चार बायका काकूंच्या अंगणात जमल्या आणि काय गुंडाळायचं, कशाला गुंडाळायचं याचा खल झाला. कुणी म्हणालं लिंबू, कुणी म्हणालं कुंपण. शेवटी काकूंनी ऑलिव्हकडे बोट दाखवलं. "हे लवकर मरत नाही म्हणतात. आपल्याला तेवढंच हवंय." तेव्हापासून दर जूनमध्ये, मेक्सिकन आंब्यांचं वाण घेऊन, आम्ही त्या झाडाला फेरे घालत आलो. डॉक्टर गेल्यावर काकू स्वतः फेरे घालायच्या थांबल्या. त्या स्वयंपाकघराच्या पायरीवर उभ्या राहून सगळ्यांना पन्हं द्यायच्या आणि कुणाचा फेरा उलटा चालला की ओरडायच्या.

गसला घेऊन मी झाड बघायला गेले. एकाच मुळातून वर आलेले तीन बुंधे, एकमेकांना टेकून उभे. मी खडूनं उत्तरेची रेघ मारली. गस बुंध्याभोवती एक चक्कर मारून गुडघ्यावर बसला, आणि तसाच बसून राहिला.

"ह्याचा गळा आवळलाय," तो म्हणाला.

कमरेएवढ्या उंचीवर सालीला आडवी खाच होती. तिन्ही बुंध्यांना मिळून एक पट्टा आवळावा तशी. खाचेच्या वर साल फुगलेली. मधल्या बुंध्याची पानं पिवळी पडली होती, आम्हा बायकांना इतक्या वर्षांत ते दिसलं नव्हतं. दिसलं असतं तरी आम्ही हळद म्हणून सोडून दिलं असतं. गसनं चाकूच्या टोकानं खाच उकरली. आत पांढरा, चिवट धागा होता.

"हे काय आहे?"

काकू पायरीवरून खाली आल्या, चष्मा लावून वाकल्या आणि एकदम सरळ झाल्या. तोंडावर हात.

"अगंबाई. फ्लॉस."

पहिल्या वर्षी सूत नव्हतं. कुणालाच आणायचं सुचलं नव्हतं. बायका अंगणात ताटं घेऊन उभ्या, आणि डॉक्टर क्लिनिकमधून दुपारचे जेवायला आले. अडचण ऐकून ते हसले, गाडीतून दातात घालायच्या दोऱ्याची मोठी रिळं घेऊन आले आणि म्हणाले, "हे घ्या. तुमचं सूत तुटतं. हे नाही तुटणार." बायकांनी सातही फेरे मन लावून घातले. दुसऱ्या वर्षीपासून भारतातून सूत येऊ लागलं, आणि सूत दर पावसाळ्यात कुजून गेलं, जसं त्यानं जावं. फ्लॉस मात्र राहिला. त्यावेळी मनगटाएवढे असलेले बुंधे वाढत गेले आणि फ्लॉस आत रुतत गेला.

मी गसला हे सगळं भाषांतर करून सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "माझा डेंटिस्ट म्हणतो मी कधी फ्लॉस करत नाही. त्याला हे झाड दाखवायला हवं." मग काकूंकडे बघून त्यानं टोपी काढली. "मॅडम, हे कापून काढल्याशिवाय झाड प्रवास सोसणार नाही. मधला बुंधा तर जाईलच."

"नाही," काकू म्हणाल्या.

"काकू, अहो झाड..."

"कळतंय मला. मी काही वेडी नाही. त्यांचं आयुष्य त्या दोऱ्यात नव्हतं, आणि असतं तर ते अजून इथे असते, इतका चिवट आहे तो." त्या पायरीवर बसल्या. "पण माझ्यासमोर कुणी त्याला सुरी लावायची नाही."

गस व्हॅनमध्ये जाऊन बसला. मी काकूंच्या शेजारी. सकाळचं धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं, आणि पानांची चंदेरी पाठ दिसत होती. ऑलिव्हचं पान वाऱ्यानं उलटलं की झाडच क्षणभर विरघळल्यासारखं होतं. अशा वेळी माझी जीभ सुटते. खरं म्हणजे मी काकूंना कामाचं काहीतरी सांगायला हवं होतं. मी त्यांना ग्रीक लोकांच्या शरणागताची गोष्ट सांगत बसले.

जुन्या ग्रीक लोकांत असं होतं, की ज्याला कुठेच दाद लागत नाही त्यानं ऑलिव्हची फांदी तोडायची, तिला पांढरी लोकर गुंडाळायची आणि ती देवाच्या वेदीवर ठेवून शेजारी खाली बसायचं. बोलायचं नाही. फांदी तिथे आहे तोवर त्याला कुणी हाकलू शकत नाही, हातही लावू शकत नाही. तो देवाचा झाला. मागणं मान्य झालं की त्यानं स्वतःच्या हातानं फांदी उचलायची आणि घेऊन जायची. नाही झालं तर फांदी तिथेच.

"लोकर?" काकू म्हणाल्या. "सूत नाही?"

"लोकर."

"गुंडाळायचीच ना पण."

"गुंडाळायचीच."

काकू झाडाकडे बघत राहिल्या. "बघ," त्या म्हणाल्या, "तिकडेही बायकांनीच सुरू केलं असणार."

जागेचा प्रश्न काकूंनीच सोडवला होता, निदान त्यांच्या मनात. आमच्या गावात एक छोटं गणपतीचं मंदिर आहे. पूर्वी तिथे गोदाम होतं. झाड तिथे लावायचं, म्हणजे बायकांची सोय तशीच राहील आणि काकू कधी आल्या तर भेट होईल. अडचण एकच. तिथे मातीचा तुकडा असा नाहीच. आहे ते पार्किंग. झाडाला दोन गाड्यांची जागा लागणार होती.

बाहेरच्या वाचकांना हे समजावणं अवघड आहे. आमच्या मंदिरात गाभारा एक आहे आणि पार्किंग सव्वीस. रविवारच्या आरतीला माणसं तीन रस्ते पलीकडे गाड्या लावतात, शेजारी तक्रार करतात, कमिटी त्यांना लाडू नेऊन देते. आमच्यात भक्ती पुष्कळ आहे, जागा नाही. कमिटीचे अध्यक्ष नेने काका, चिपच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, त्यांनी काकूंना फोनवर नम्रपणे नाही सांगितलं. काकूंनी पुन्हा फोन केला. पुन्हा नाही. घराच्या चाव्या द्यायचा दिवस जवळ येत होता. नव्या मालकांनी सांगितलं होतं, त्याआधी झाड न्यायचं तर न्या, नंतर बुलडोझर येईल.

मी दुसरी गिऱ्हाइकं शोधली. मिळालीही. एका वाइनच्या मळ्याला झाड हवं होतं, फाटकापाशी. काकू म्हणाल्या, "म्हणजे मी ईडन प्रेरीहून येऊन त्यांच्या दारूच्या दुकानात उभी राहू? माझ्या झाडाला भेटायला तिकीट काढून?"

त्या रविवारी आरतीनंतर कमिटीची बैठक होती. मंदिराच्याच हॉलमध्ये, गणपतीसमोर घडीच्या खुर्च्या मांडून. मी प्रसादाचं ताट आवरत होते. काकू आल्या. हातात ऑलिव्हची फांदी, कोपरभर लांब, तिला पांढरीशुभ्र लोकर गुंडाळलेली. त्यांनी ती गणपतीसमोरच्या पायरीवर ठेवली आणि शेजारी जमिनीवर बसल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बाई. बसायला त्यांना किती वेळ लागला ते सगळ्यांनी पाहिलं.

"अहो मालतीवहिनी, खाली कशाला, खुर्ची घ्या!" नेने काका उठले.

काकू गप्प.

"वहिनी, आपलं बोलणं झालंय की. भावना समजतात आम्हाला. पण दोन पार्किंग जातात हो."

गप्प.

नेने काकांनी फांदीकडे पाहिलं, मग हॉलभर नजर फिरवून मला पकडलं. "अनघा, हा काय प्रकार आहे? हे तुझ्या खात्यातलं दिसतंय."

माझ्या हातात चिकट ताट. काकू माझ्याकडे बघतही नव्हत्या. मी पुढे गेले आणि सांगितलं. फांदी, लोकर, वेदी, न बोलणं.

"म्हणजे हे धरणं धरलंय?" खजिनदार म्हणाले.

"धरणं नव्हे. यात घोषणा नसतात. शरण आलेलं माणूस आहे हे."

"पण ते ग्रीक लोकांचं ना? आपल्यात ऑलिव्ह बसतं का, शास्त्रानं?"

"गेली चाळीस वर्षं तुमच्या बायका त्याला फेरे घालतायत," मागून पखवाज आवरणाऱ्या एका बाई म्हणाल्या. "तुम्ही जिवंत आहात ना?"

कुणी हसलं. मग हसू विझलं, कारण काकू हसल्या नव्हत्या.

"आणि समजा, फक्त समजा," खजिनदार म्हणाले, "आम्ही नाही म्हटलं, तर?"

"तर काही नाही," मी म्हटलं. "त्या घरी जातील. फांदी इथेच राहील. ती उचलायची नसते. तुमच्यासमोर सुकेल."

नेने काका फांदीकडे बघत राहिले. ते बघणं मला ओळखीचं होतं. गिऱ्हाईक झाडासमोर उभं राहतं, आणि मी सांगितलेलं सगळं विसरून नुसतं बघायला लागतं, तेव्हा असंच बघतं. मागच्या समईची ज्योत पानांच्या पाठीवर हलत होती. मला वाटलं, फार पूर्वी कुठल्याशा संगमरवरी पायरीवर असंच झालं असणार. तिथेही कुणीतरी नेने असणार, तिथेही रथ लावायच्या जागेचा प्रश्न असणार, आणि...

काकूंनी वाकून फांदी उचलली. मांडीवर ठेवली.

"अहो वहिनी!" नेने काका दचकले. "अजून मतदान व्हायचंय!"

"करा की मतदान," काकू म्हणाल्या. "मी तुमचा चेहरा बघितला. आता मला जरा हात द्या, उठवत नाहीये."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काकू, इतकी छान लोकर कुठून आणलीत?"

"मिनेसोटासाठी स्वेटर विणत होते. उसवला."

खोक्यात महिने काढायला वेळ नव्हता; छाटणी, चर, खोका सगळं घाईनं उरकलं आणि झाड हलवायच्या दिवशी गस पहाटेच क्रेन घेऊन आला. फ्लॉसचा प्रश्न तसाच होता. गसनं चाकू खिशातून काढला, पुन्हा ठेवला. तेवढ्यात काकू घरातून बाहेर आल्या. कमरेला जुना पांढरा एप्रन आणि हातात स्टीलचा ट्रे. त्यात डॉक्टरांची हत्यारं होती. बारीक आकडे, चिमटे, आरसा.

"मी त्यांच्या क्लिनिकमध्ये वर्षानुवर्षं शेजारी उभी होते," काकू मला म्हणाल्या. "कुठून धरायचं ते मला कळतं. सुरी नको."

त्या स्टुलावर बसल्या, खाचेत आकडा घातला आणि धाग्याचं टोक अलगद उचललं. तोंडातल्या तोंडात, सवयीनं, त्या झाडाला म्हणाल्या, "दुखलं तर हात वर कर."

हे डॉक्टरांचं वाक्य होतं. आमच्या गावातल्या प्रत्येकानं ते आ वासून ऐकलेलं आहे. काकूंच्या लक्षात आलं आपण काय म्हणालो ते, आणि त्यांनी वर पाहिलं. झाडाचे सगळे हात वरच होते.

मग त्या रडल्या. रडता रडताच त्यांनी काम चालू ठेवलं, आणि हात काही हलला नाही. फ्लॉस इंच इंच निघत होता. आत, तिन्ही बुंधे एकमेकांना भिडले होते तिथे, थोडासा राहिला. गस वाकून म्हणाला, "तेवढा राहू दे मॅडम. तो त्याचाच झाला आता."

झाड वर उचललं गेलं. हा क्षण मी कितीदा पाहिला असेल, तरी प्रत्येक वेळी मी बघतच राहते. मुळांसकट झाड हवेत, कशालाही न टेकलेलं, धुक्यात सावकाश वळत. त्यावेळी ते कुठलंच नसतं. या अंगणाचं नाही, त्या देवळाचं नाही. काकू एप्रनला हात पुसत बघत होत्या. पायरीवर त्यांच्या दोन बॅगा भरून ठेवलेल्या होत्या, ईडन प्रेरीचे टॅग लावलेल्या. माणसांना हलवताना आपण खडूची रेघ कुठे मारतो, असं माझ्या मनात आलं. विचारायचं धाडस झालं नाही.

मंदिरात झाड लावताना थोडा वाद झाला. कमिटीला झाडाची देखणी बाजू दाराकडे हवी होती. गसनं खडूची रेघ दाखवली. नेने काका फोनमधलं होकायंत्र धरून उभे राहिले आणि शेवटी स्वतःच ओरडले, "थोडं डावीकडे! उत्तर, उत्तर!" देखणी बाजू कचऱ्याच्या डंपस्टरकडे गेली.

महिन्याभरात झाडानं सगळी पानं टाकली. हे होतं, मी सगळ्यांना सांगत होते, होतंच असं. कुणी ऐकेना. रविवारी माणसं गाडी लावायला जागा शोधत त्या काटक्यांभोवती फिरायची आणि माझ्याकडे बघायची. काकू ईडन प्रेरीहून फोन करायच्या. तिथे बर्फ होता. त्या म्हणायच्या, "काय म्हणतंय?" मी म्हणायचे, "झोपलंय." त्या म्हणायच्या, "मीसुद्धा."

फेब्रुवारीत पाऊस झाला, आणि एका सकाळी मधल्या बुंध्यावर, त्या पिवळ्या पडलेल्या, खाचेच्या अगदी काठावर, करड्या हिरव्या रंगाचे ठिपके दिसले. मी बोट लावून पाहिलं. पालवीच होती. नेने काकांनी त्याचा फोटो कमिटीच्या ग्रुपवर टाकला, वर काही न लिहिता. पुढच्या आठवड्यात बुंध्यापाशी एक छोटी पाटी आली. "कृपया फक्त सुती दोरा वापरावा. फ्लॉस आणू नये. आदेशावरून, कमिटी."

काकूंना पालवीचा फोटो पाठवला तेव्हा त्यांचा फोन आला नाही. निळी खूण दिसली, एवढंच. मला जरा लागलंच.

मे महिन्यात एका दुपारी निखिलचा फोन आला. तिकडून त्याचा मला पहिल्यांदाच फोन.

"अनघा? निखिल हियर. लिसन, व्हॉट डिड यू टीच माय मॉम?"

"का रे, काय झालं?"

"शी पुट अ स्टिक ऑन द डायनिंग टेबल. विथ वूल ऑन इट. इन फ्रंट ऑफ माय लॅपटॉप. अँड शी इज सिटिंग ऑन द फ्लोर! तिचा नी, यू नो हर नी! मी मीटिंगमध्ये होतो, आय सेड आई गेट अप, शी वोन्ट टॉक. शी वोन्ट से अ वर्ड. इज धिस डिमेन्शिया?"

"नाही," मी म्हटलं. मी खोक्यात उभ्या असलेल्या एका झाडाला टेकून उभी होते, आणि मला तिथे एकदम खाली बसावंसं वाटलं. "तिला काहीतरी हवंय."

"ओके, सो व्हॉट डझ शी वॉन्ट?"

"ते मला कसं माहीत असणार? तिला विचार. मान्य केलंस की ती स्वतः फांदी उचलेल. तोवर नाही उठायची."

मग फोन त्यानं कुठेतरी ठेवला असावा, टेबलावरच, कारण आवाज लांबून आला. आणि मी त्याला लहानपणापासून ओळखते, काकूंच्या अंगणात फेऱ्यांच्या मधून सायकल घालणारा तो मुलगा, त्याच्या तोंडून मराठीतलं अख्खं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.

"आई," तो म्हणाला. एकेक शब्द शोधत. "तुला काय पाहिजे?"

काकूंचा आवाज अगदी हळू होता. "वटपौर्णिमेला मला तिकडे जायचंय. गुंडाळायला नाही रे. कुणासाठी गुंडाळू आता? मला त्याला भेटायचंय फक्त. दर वर्षी. जमेल तोवर."

खुर्ची सरकली. बहुतेक तोही खाली बसला.

"मी येऊ का? तुझ्याबरोबर?"

त्याच्या या प्रश्नाचं काकूंनी काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. मी कान फोनवर दाबून उभी होते, आणि गस लांबून "प्रोफेसर!" म्हणून हाका मारत होता. मग अगदी जवळ, फोनच्या शेजारीच, सुकलेल्या पानांची सळसळ झाली.

काकूंनी फांदी उचलली होती.